काकांचा बोनस आणि रॅकवरचे १५,००० नग

पत्र, थोडक्यात: भोसरी एमआयडीसीतलं वडिलांचं मशीनशॉप गेली चार वर्षं मी चालवते. १४ मशिन्स, दोन शिफ्ट, ३० ऑपरेटर. मुख्य काम कास्ट आयर्नच्या फ्लँजचं आणि ब्रॅकेटचं. प्रॉडक्शन मॅनेजर वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यांना मी काकाच म्हणते. त्यांना गेल्या वर्षी महिन्याच्या नफ्यावर ५ टक्के बोनस सुरू केला. ऑपरेटरना ठरलेल्या आकड्याच्या वर नगामागे इन्सेंटिव्ह आधीपासून आहे. एप्रिल, मे, जून तिन्ही महिने साडेचार लाखांचा नफा दिसला. पण बँकेचं सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) संपलंय, फाउंड्रीचं बिल थकलंय आणि ब्रॅकेट वेळेवर जात नाहीत म्हणून कस्टमर रोज फोन करतो. सीए म्हणतात हिशोब बरोबर आहे. इन्सेंटिव्ह सरळ बंद करू का? आणि काकांशी कसं बोलू?

उत्तर:

सीएंचं बरोबर आहे आणि तुमचंही. हिशोब चुकलेला नाही, पण नफाही झालेला नाही. पैसा शोधायला लांब जायला नको, तयार मालाच्या रॅकपाशी जाऊन उभ्या राहा. तुम्ही पाठवलेल्या स्टॉक स्टेटमेंटप्रमाणे मार्चअखेर तिथं ४,००० नग होते, जूनअखेर १९,००० आहेत.

तुमचेच आकडे गोल करून आणि सगळे पार्ट एकाच सरासरी नगात धरून मांडू. कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतून ओतून येणारा कच्चा नग, १८० रुपये. इन्सर्ट (टूलची कापणारी टीप), कूलंट, वीज, इन्सेंटिव्ह मिळून ४०. म्हणजे नग केलाच नाही तर वाचतात ते २२० रुपये. विक्री ३४०, तेव्हा नगामागे १२० सुटतात. पगार, शेडचं भाडं, घसारा, मेंटेनन्स हा फॅक्टरीचा स्थिर खर्च महिन्याला १८ लाख. कस्टमर उचलतात १५,००० नग. १५,००० गुणिले १२० म्हणजे १८ लाख. मिळाले तेवढे गेले. ऑफिसचा खर्च आणि बँकेचं व्याज यात अजून आलेलंच नाही.

आता काकांनी १५,००० च्या जागी २०,००० नग काढले. अकाउंटंटनं १८ लाखांना २०,००० नं भागलं, नगाला ९० रुपये आले. २२० अधिक ९०, नग ३१० ला पडला. ३४० ला विकला की ३० रुपये नफा, १५,००० नगांवर साडेचार लाख. न विकलेले ५,००० नग ३१० च्या भावानं स्टॉकमध्ये गेले आणि प्रत्येकासोबत ९० रुपयांचा पगार, भाडं, घसारा रॅकवर जाऊन बसला. ५,००० गुणिले ९० किती होतात ते करून बघा. तेच साडेचार लाख. तीन महिन्यांत रॅकवर बसलेला स्थिर खर्च साडेतेरा लाख आणि तुमचा तीन महिन्यांचा नफाही साडेतेरा लाख. खिशातून मात्र रॅकवर वाढलेल्या १५,००० नगांसाठी २२० प्रमाणे ३३ लाख गेले किंवा देणं झाले.

हे तीन महिने कळलं का नाही, त्याचं कारण बँक. तयार माल ३१० नं दाखवला, त्यावर २५ टक्के मार्जिन कापलं तरी १५,००० नगांवर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँक उचलू देते ती रक्कम, जवळपास ३५ लाखांनी वाढते. अडकलेले ३३ लाख बँकेच्या पैशातून निघत राहिले. लिमिट संपलं, तेव्हा उजेड पडला.

सीएंना दोष देऊ नका. हिशोबाचं मानक एएस २ सांगतं की तयार मालाच्या किमतीत कारखान्याचा स्थिर उत्पादन-खर्च धरायचा, तोही नेहमीच्या क्षमतेच्या हिशोबानं. ताळेबंद तसाच करायला हवा. पण मॅनेजरचा बोनस त्याच आकड्यावर द्यायचा, असं कुठल्याही मानकात नाही. तो तुमचा निर्णय होता. काकांना महिन्याला २२,५०० रुपये मिळाले ते नग विकल्याबद्दल नव्हेत, जास्त नग काढल्याबद्दल. तुम्ही ज्याचे पैसे दिलेत ते त्यांनी इमानानं करून दिलं.

उलट्या बाजूनंही हे बघून ठेवा, कारण पुढं लागणार आहे. समजा एखाद्या महिन्यात १०,००० च नग काढले आणि रॅकवरचे ५,००० मिळून १५,००० विकले. १८ लाखांना १०,००० नं भागलं की नगाला १८० येतात, नग ४०० ला पडतो. रॅकवरच्या ५,००० वर दीड लाख नफा, नव्या १०,००० वर सहा लाख तोटा. निव्वळ साडेचार लाख तोटा. आधी दिसलेला नफाच परत जातो. त्या महिन्यात कस्टमरला नेहमीएवढाच माल गेला, कास्टिंग कमी आलं, बँकेत पैसे वाढले, आणि कागदावर मात्र मॅनेजर नापास. असा महिना कुठला मॅनेजर आपणहून ओढवून घेईल?

म्हणून इन्सेंटिव्हला आत्ताच हात लावू नका. आधी महिन्याचा कागद बदला, मग काकांचा बोनस, मग ऑपरेटरांचं, आणि उत्पादन सगळ्यांत शेवटी कमी करा. क्रम उलटा झाला तर पहिल्याच महिन्यात तो साडेचार लाखांचा तोटा दिसेल, सगळे घाबरतील आणि ऑगस्टमध्ये पुन्हा २०,००० नग निघतील.

कागद एका पानाचा असावा. वर कस्टमरनं जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलेली विक्री. नुसतं इनव्हॉइस फाडलेली धरायची नाही. त्यातून विकल्या गेलेल्या नगांचे २२० प्रमाणे वजा. उरलं ते कॉन्ट्रिब्युशन. त्यातून स्थिर खर्च पूर्ण १८ लाख, एक रुपयाही स्टॉकमध्ये न ढकलता. या कागदावर एप्रिल, मे, जूनचा नफा शून्य दिसेल. महिने जुळवून बघायला खाली एक ओळ ठेवा: जुन्या पद्धतीचा नफा, वजा स्टॉकमध्ये वाढलेला स्थिर खर्च, बरोबर नव्या पद्धतीचा नफा. ही ओळ जुळली की अकाउंटंटचाही विश्वास बसतो.

त्याखाली रिकाम्या तासांची ओळ. १४ मशिन्स, दोन शिफ्ट, शिफ्टला चहा-जेवण-साफसफाई वजा जाता ७ तास, २५ दिवस: ४,९०० तास. ब्रेकडाउन, मेंटेनन्स आणि नेहमीच्या सेटिंगचे (मशीन एका पार्टवरून दुसऱ्यावर नेण्याचे) ७०० काढले की ४,२०० उरतात. १८ लाख भागिले ४,२००, तासाला सुमारे ४२९ रुपये. तुमच्या सायकल टाइमनं सगळ्या ऑपरेशन्स मिळून नगाला सरासरी १२.६ मिनिटं लागतात, म्हणजे १५,००० नगांना ३,१५० तास. १,०५० तास रिकामे. त्यांची किंमत साडेचार लाख.

हा आकडा पुन्हा आला, आणि तो योगायोग नाही. तुमच्याकडे पाव क्षमतेला ऑर्डर नाही, हा खरा प्रश्न. स्टॉकनं तो झाकला होता. तो सोडवायचा तर नवं काम आणायला हवं, आणि ते काम तुमचं आहे, काकांचं किंवा ऑपरेटरांचं नाही. कोटेशन देतानाही ४२९ चाच दर धरा. मशिन्स रिकामी आहेत म्हणून १८ लाखांना कमी तासांनी भागलं तर दर चढतो, चढलेल्या दरानं ऑर्डर जाते, मशिन्स आणखी रिकामी होतात. चांगली शॉप्स अशी बसली आहेत.

आता ब्रॅकेट. मशिन्स रिकामी असून माल उशिरा का, याचं उत्तर ऑपरेटरच्या शिफ्टमध्ये आहे. फ्लँजच्या एका ऑपरेशनची सायकल ३ मिनिटांची. ४२० मिनिटांत १४० नग, त्याच्या वरच्या नगाला इन्सेंटिव्ह. ब्रॅकेटची सायकल ७ मिनिटांची, ठरलेला आकडा ६०. पण मशीन फ्लँजवरून ब्रॅकेटवर न्यायचं तर जॉज (नग पकडणारे जबडे) बदला, टूल ऑफसेट घ्या (टूलची मापं मशीनला द्या), पहिला नग काढून क्वालिटीकडे पाठवा, त्यांची सही येईपर्यंत थांबा. दोन तास जातात. उरलेल्या ३०० मिनिटांत जास्तीत जास्त ४२ नग निघतात. इन्सेंटिव्ह शून्य, वर सुपरवायझरचे बोल. शहाणा ऑपरेटर काय म्हणेल? "कास्टिंग आहे तोवर फ्लँजच चालू दे." काकांनाही ते सोयीचं, कारण आकडा वाढतो. दोघांचे इन्सेंटिव्ह एकाच दिशेला ओढतात आणि ब्रॅकेट दोघांच्याही वहीत बसत नाही.

गंमत अशी की रिकाम्या मशीनवर जास्तीचं सेटिंग केल्यानं तुमचा खर्च जवळजवळ वाढतच नाही. पगार आणि भाडं तसंही जाणार. सेटिंग महाग पडतं ते फक्त ज्या मशीनपुढं काम तुंबलेलं असतं तिथं. तुमच्याकडे असं एखादंच व्हीएमसी (उभं मशीनिंग सेंटर) असेल. ते कुठलं हे आधी शोधून ठेवा.

शिवाय नग मोजतात कुठं? मशीनपाशी. म्हणजे क्वालिटीनं नंतर काढून टाकलेल्या नगाचेही पैसे दिले जातात. इन्सर्टची एक कड २५० नगांना ठरलेली असेल तर ती ३२० पर्यंत ताणली जाते, कारण इंडेक्स करायला, म्हणजे नवी कड पुढं फिरवायला, थांबलं की नग जातात. दर दहाव्या नगाला गेज लावायचा, तो विसाव्याला लागतो. बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, हळूहळू हलत जातो आणि फायनल तपासणीत एकदम दोन पेट्या बाजूला पडतात.

ऑपरेटरांच्या योजनेत तीन गोष्टी बदला. नगांऐवजी प्रमाणित मिनिटं मोजा: फ्लँजला ३, ब्रॅकेटला ७ आणि प्रत्येक सेटिंगला ठरलेली ९० मिनिटं. सेटिंग ८० मिनिटांत झालं तर दहा मिनिटं ऑपरेटरच्या खात्यात राहतात. मग त्याला सेटिंग नकोसं वाटणार नाही. प्री-सेट केलेली टूल्स आणि जॉज मशीनशेजारी आणून ठेवली तर ९० मिनिटं अजिबात कठीण नाहीत. हे मात्र टूलरूमचं काम, ऑपरेटरच्या माथी मारू नका. दुसरं, आठवड्याच्या शेड्यूलमध्ये असलेल्या नगांचीच मिनिटं मोजायची, रिजेक्शनसाठी २ टक्के जास्त. त्यावर काढलेल्या नगाला इन्सेंटिव्ह नाही. तिसरं, मोजणी क्वालिटीच्या सहीनंतर.

या तिसऱ्यात एक खड्डा आहे. कास्टिंगमधलं ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी, बहुतेकदा मशीनिंग झाल्यावरच दिसतं. त्या नगाची मिनिटं कापलीत तर फाउंड्रीच्या चुकीची शिक्षा ऑपरेटरला होते. म्हणून कास्टिंग रिजेक्शन आणि मशीनिंग रिजेक्शन, सीआर आणि एमआर, वेगवेगळ्या लाल पेट्यांत ठेवा आणि सीआरची मिनिटं पूर्ण द्या. मग लगेच उलटं सुरू होईल: साइज गेलेला नगही सीआरच्या पेटीत पडेल. त्यावर उपाय म्हणजे सीआरची पेटी रोज क्वालिटीनं बघायची आणि फाउंड्रीला डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) त्याच पेटीवरून लावायची. फाउंड्रीचा माणूस आपल्या चुकीचा नसलेला नग कधीच मान्य करत नाही. तुमचा सगळ्यांत कडक ऑडिटर तोच.

कुठलीही एकच मोजणी ठेवली की माणसं तिच्याभोवती वाट काढतात. दूध डेअरीला हे केव्हाच कळलंय. नुसत्या लिटरवर पैसे दिले तर पाणी वाढतं, म्हणून फॅट बघतात. फॅटच्या जोडीला एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हीही मोजणी लागते, म्हणून गाईच्या दुधाचा भाव ३.५ आणि ८.५ असा जोडीनंच सांगतात.

काकांचा बोनस नफ्यावरून काढून घ्या. नव्या कागदावरच्या नफ्यावर लावायचाही मोह होईल, पण तो नफा बहुतांश विक्रीवर ठरतो आणि विक्री काकांच्या हातात नाही. त्यांच्या हातात वेळेवर जाणारा माल, एमआर आणि स्टॉक आहे. महिन्याला २५,००० ची रक्कम धरा. त्यातले १५,००० रुपये वेळेवर गेलेल्या ओळींसाठी: कस्टमरच्या शेड्यूलमधली ओळ पूर्ण नगांसह ठरलेल्या दिवशी पोचली तर एक गुण. ८० टक्क्यांना शून्य, ९८ ला पूर्ण, मधे टक्क्याला सुमारे ८३३ रुपये. १०,००० एमआरसाठी, तशाच उताराने. '९५ टक्के झाले तर सगळं, नाहीतर काही नाही' अशी पायरी ठेवू नका. ९४ वर असलेला माणूस तारीख बदलायला बसतो आणि ८५ वर असलेला प्रयत्नच सोडतो. तारीख बदलण्यावरून आठवलं: मोजणी कस्टमरच्या मूळ शेड्यूलच्या तारखेशी करा, आपल्या सिस्टिममधल्या सुधारित तारखेशी नको.

स्टॉकसाठी सल्लागार बहुतेकदा व्याज लावायला सांगतात. एका महिन्यात वाढलेल्या ११ लाखांवर दीड टक्का, १६,५००. त्याचा ५ टक्के वाटा ८२५ रुपये. ८२५ रुपयांसाठी कुणी आपली पद्धत बदलत नाही. सरळ कात्री लावा: ४,००० च्या वर दर ५०० नगांना बोनसमधून १,००० कमी. ही कात्री मात्र तीन महिन्यांनी सुरू करा, नाहीतर पहिल्याच महिन्यात काकांच्या नावावर उणे निघेल.

त्या तीन महिन्यांत रॅक रिकामा करायचा. महिन्याला १०,००० नग काढून १५,००० पाठवलेत की तीन महिन्यांत १९,००० चे ४,००० होतात. विकता त्यापेक्षा महिन्याला ५,००० कास्टिंग कमी घेता, ९ लाख वाचतात. ते आधी फाउंड्रीला द्या. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर कायद्यानं करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, आणि थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. रॅकवरच्या नगांना रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल आणि व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशव्या आजच लावा. पावसाळ्यात उघडं कास्ट आयर्न वाट बघत नाही. सगळ्यांत जुना माल आधी पाठवा आणि पाठवण्याआधी ड्रॉइंगचं रिव्हिजन तपासा. कस्टमरनं मधेच ते बदललं असेल तर तो ढीग थेट भंगारात जाईल. बँकेचं सँक्शन लेटरही (कर्जमंजुरीचं पत्र) काढून बघा. उधारीवरचं मार्जिन स्टॉकपेक्षा जास्त असेल तर माल निघाला की ड्रॉइंग पॉवर थोडी घसरते. बँकेला हे आधी सांगितलेलं बरं.

या काळात नग कमी म्हणून ऑपरेटरांचं उत्पन्न पडू देऊ नका. गेल्या तीन महिन्यांचा सरासरी इन्सेंटिव्ह तीन महिने हमीनं द्या. माणशी ४,००० धरले तरी ३० जणांचे १ लाख २० हजार, वाचलेल्या ९ लाखांपुढं हे काही नाही. शिफ्टमधला मोकळा वेळ सेटिंगचा सराव आणि मेंटेनन्सला वापरा. नवी योजना पहिले दोन महिने नोटीस बोर्डवर नुसती लावा: कुणाला जुन्या पद्धतीनं किती मिळाले असते, नव्या पद्धतीनं किती. ब्रॅकेट चालवणारे स्वतःच येऊन विचारतील, नवी कधीपासून. कामगारांचा इन्सेंटिव्ह बदलणं हा सेवाशर्तींतला बदल आहे. त्यासाठी २१ दिवसांची नोटीस लागते आणि युनियनशी करार असेल तर तो आधी वाचावा लागतो. कायद्याच्या किमान ८.३३ टक्के बोनसचा याच्याशी संबंध नाही, तो वेगळा चालू राहील.

काकांशी बोलताना लबाडीचा सूर चुकूनही येऊ देऊ नका. त्यांच्या जागी दुसरा आणला असता तरी त्यानं हेच केलं असतं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत खाती उघडण्याच्या टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता खाती उघडली गेली. बँकेनं पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांना घरी पाठवलं, तरी प्रकार चालूच होता, कारण टार्गेट जागेवर होतं. २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, त्यानंतर टार्गेट गेलं. इथं तर कुणी खोटी नोंदही केलेली नाही.

केबिनमध्ये बोलावू नका. संध्याकाळी शिफ्ट बदलल्यावर रॅकपाशी जा, वहीवर ३१० चा आणि २२० चा हिशोब त्यांच्यासमोर मांडा आणि विचारा, "काका, यातला कुठला नग कस्टमरनं मागितला होता?" उत्तर त्यांना तुमच्याआधी माहीत असेल; शेड्यूलचा कागद त्यांच्याच खिशात असतो. जूनचा बोनस द्यायचा राहिला असेल तर तो त्या भेटीच्या आधी, जुन्या कराराप्रमाणे पूर्ण २२,५०० देऊन टाका. मार्जिनच्या बोलण्यासाठी बँकेत जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या, कारण स्टॉक स्टेटमेंटवरची नगांची संख्या तेच भरतात.